सालीची पूड

संध्यानं पीएच.डी.साठी मोसंबीच्या साली जमवायला सांगितल्या, तेव्हा गिरिजाबाईला आधी ती थट्टाच वाटली.

"साली? आन् आतली मोसंबी कोणी खायाची?"

"कुणीही खाऊ दे. मला फक्त साली पाहिजेत. सावलीत वाळवलेल्या."

"बाई, एवढं शिकून शेवटी उकिरड्यावरचंच मागून राह्यली का तू?" असं म्हणून गिरिजाबाई हसली होती. पण दुसऱ्या दिवसापासून ती केदारखेड्याच्या फाट्यावरच्या मोसंबीच्या रसवंतीपुढं टोपलं घेऊन उभी राहू लागली.

संध्या तिची एकुलती एक लेक. नवरा रामकिसन जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. गिरिजाबाई दुसऱ्यांच्या रानात राबून लेकीला शिकवत राहिली. गेली वीस वर्षं तर ती गावातल्या कारभारींच्या मोसंबीच्या बागेतच कामाला होती. खुरपणी, आळी करणं, तोडणी, सगळं. संध्या एम.एस्सी. झाली आणि जालन्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवू लागली. तिथंच मस्तगड भागात एक खोली भाड्यानं घेऊन ती एकटी राहायची आणि शनिवारी दुपारी बस पकडून गावी यायची.

प्रबंधाचा विषय साधा होता. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता आणि मोसंबीची साल, या रोजच्या वस्तूंत अँटिऑक्सिडंट किती. जालना जिल्ह्यात मोसंबीला काय तोटा? साल कुणालाच नको असते, ती आपल्याला फुकट मिळेल, असा हिशेबी विचारही त्यात होता.

एकदा गिरिजाबाई सालींचं पोतं घेऊन थेट कॉलेजातच आली. संध्यानं तिला प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर बसवलं. काचेच्या नळीत गर्द जांभळं द्रावण होतं. संध्यानं त्यात सालीच्या अर्काचे थेंब सोडले. थोड्या वेळानं जांभळा रंग उतरत गेला आणि नळी पिवळी पडली.

"बया! हे काय झालं?"

"लोखंडाला गंज चढतो ना, तसं आपल्या अंगातही काहीबाही होत असतं. ते थांबवायची ताकद सालीत आहे. कढीपत्त्यापेक्षा जास्त. आणि पिठूळ पदार्थांची साखर होते ना, तीसुद्धा साल थोडी अडवते, असं दिसतंय."

"साखर अडवती?" गिरिजाबाई पुढं झुकली. तिला स्वतःला आठ वर्षांपासून मधुमेह होता. सरकारी दवाखान्यातून ती दर महिन्याला गोळ्या आणायची. "म्हंजी औषधच झालं की."

"औषध नाही गं. नळीत झालंय हे. माणसात व्हायला लई वर्षं लागतात."

"व्हईल की मंग. तू हायेस ना." गिरिजाबाईनं नळी उजेडाकडं धरून पाहिली आणि जपून परत दिली.

विज्ञान दिनाला कॉलेजात कार्यक्रम झाला. विभागप्रमुख रामप्रसाद सरांनी एका स्थानिक पेपरच्या वार्ताहराला बोलावलं होतं. संध्या वार्ताहराशी दहा मिनिटं बोलली, आणि जपूनच बोलली. दुसऱ्या दिवशी तिचा फोटो छापून आला. वर मथळा होता: 'मोसंबीच्या सालीत मधुमेहावर रामबाण! केदारखेड्याच्या लेकीचा शोध.'

संध्यानं ते दोनदा वाचलं. तिनं त्याच दिवशी खुलाशाचं पत्र लिहिलं. सात-आठ ओळींचंच. हे प्रयोग फक्त प्रयोगशाळेतले आहेत, माणसांवर काहीही तपासलेलं नाही, कोणीही आपलं औषध बंद करू नये. ते घेऊन ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. "मॅडम, बातमी चुकीची नाही. थोडी पुढची आहे, एवढंच."

"सर, रामबाण म्हटलंय त्यांनी."

"पेपरवाले म्हणतातच. कुलगुरूंचा फोन आला होता मला सकाळी, अभिनंदनाचा. आता तुम्हीच खुलासा छापला तर लोक म्हणतील, यांचं यांनाच माहीत नाही. प्रबंध जमा होऊ द्या. दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. मग बघू."

संध्यानं पत्र परत घेतलं आणि आपल्या कपाटात ठेवलं. सरांना घाबरून ठेवलं, असं तिनं पुढं स्वतःला बरेचदा सांगितलं. पण तेवढंच खरं नव्हतं. मस्तगडातला किराणावाला आता तिला 'मॅडम' म्हणत होता. कॉलेजातले पर्मनंट प्राध्यापक, ज्यांनी चार वर्षांत तिला कधी बस म्हटलं नव्हतं, ते खुर्ची देत होते. ते तिला आवडलं होतं.

त्या शनिवारी ती गावी गेली तर घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी तिचं कात्रण काचेत बसवून लावलेलं. आणि बाजेवर झुंबरबाई बसलेली.

झुंबरबाई म्हणजे कारभारींची बायको, बागेची मालकीण. वीस वर्षांत ती या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. पगारासाठी गिरिजाबाईच त्यांच्या ओसरीच्या पायरीवर जाऊन बसायची, आणि तिथला तिचा चहाचा कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. आज झुंबरबाईच्या हातात गिरिजाबाईच्या घरातली कपबशी होती आणि ती चहा पीत होती.

"ये गं संध्या," झुंबरबाई म्हणाली. "तुझीच वाट बघून राह्यले. आमच्याच बागेतल्या साली, आन् आम्हालाच पत्ता न्हाई! साखर लई वाढली माझी. ते तुझं औषध दे बरं थोडं."

"मी केलंय ना तयार," गिरिजाबाई लगबगीनं म्हणाली. तिनं फळीवरून बरणी काढली. वाळवलेल्या साली आणि कढीपत्ता, दोन्ही जात्यावर दळून बारीक पूड केली होती. "संध्या, मालकीनबाईला बराबर सांग, कसं घ्यायचं."

"एक चमचा का दोन?" झुंबरबाईनं विचारलं.

संध्यानं आईकडं पाहिलं. गिरिजाबाई बरणी दोन्ही हातांत धरून उभी होती. तिचा चेहरा असा फुलला होता की संध्याला आपलं लहानपण आठवलं, दहावीचा निकाल लागला तो दिवस आठवला. तिच्या प्रबंधात चमचा नव्हता. मिलिग्रॅम होते, तेही नळीतले.

"एक," ती म्हणाली. "सकाळी. कोमट पाण्यात."

रविवारी संध्याकाळी फाट्यावर बसची वाट बघताना गिरिजाबाई म्हणाली, "मी बी घेऊन राह्यले आठ दिवसांपासून. हलकं वाटून राह्यलं."

"गोळ्या बंद नको करू हं आई."

"न्हाई गं. गोळ्या हायेत की."

बस आली. संध्या चढली. खिडकीतून तिला दिसलं, आई फाट्यावरच्या बायांना थांबवून काहीतरी सांगत होती.

मे महिन्यात झुंबरबाईचा रिपोर्ट आला. साखर निम्म्यावर आली होती. तिनं तो कागद गावभर दाखवला, "गिरिजेच्या पुडीनं केलं," असं जिला-तिला सांगितलं. मग गिरिजाबाईच्या दारात बाया येऊ लागल्या. केदारखेड्याच्या, आजूबाजूच्या वाड्यांवरच्या. ज्यांच्या विहिरीवर तिच्या सासूला कधी पोहरा टाकू दिला नव्हता त्या घरांतल्या सुनासुद्धा आल्या, बसल्या, पाणी मागून प्यायल्या. गिरिजाबाई पूड फुकट द्यायची. एका पैशाला हात लावायची नाही. "माझ्या लेकीचं ज्ञान हाय, इकायचं न्हाई," म्हणायची.

संध्या त्या दिवसांत प्रबंध लिहिण्यात बुडाली होती. शनिवारचं गावी जाणं महिन्यातून एकदावर आलं. ऑगस्टमध्ये प्रबंध जमा झाला. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर इंग्रजीत एक वाक्य होतं, की या निष्कर्षांवरून मानवी वापराबद्दल काहीही म्हणता येणार नाही. ते तिनं मनापासून लिहिलं होतं. कपाटातलं मराठी पत्र मात्र तिथंच राहिलं. आता ते छापायला कुणाची आडकाठी नव्हती. पण बातमीला सहा महिने झाले होते आणि तिला वाटलं, लोक विसरलेही असतील.

पोळ्याला ती घरी गेली तेव्हा आई फार वाळलेली दिसली. गालफडं आत गेली होती.

"केवढी बारीक झालीस!"

"पथ्य पाळून राह्यले ना. अंग कसं हलकं झालंय." गिरिजाबाईनं तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन घेतलं. लगेच दुसरा तांब्या भरला. संध्यानं ते पाहिलं. ती शास्त्र शिकलेली होती, अशी तहान कशाची खूण असते ते तिला कळायला हवं होतं. पण आई महिन्याभरानं भेटलेल्या लेकीला कुणाकुणाची साखर उतरली ते सांगत होती, आणि संध्या ऐकत राहिली.

ऑक्टोबरात मोसंबीची तोडणी सुरू झाली. एका मंगळवारी संध्या वर्गावर असताना भागवतचा फोन आला. भागवत म्हणजे झुंबरबाईचा मुलगा.

"संध्याताई, जल्दी या. तुमच्या आईचा पाय लई खराब झालाय. तोडणीच्या वख्ताला काटा घुसला व्हता म्हणे, धा-अकरा दिवस झाले. तिनं कोणाला सांगितलंच न्हाई. मी गाडीत घालून जालन्याला आणून राह्यलो."

मोसंबीचा काटा तसा लहानच असतो. अंगठ्याखाली घुसला, आणि गिरिजाबाईला तो कळलाच नव्हता, कारण पायाला जाण राहिली नव्हती. चप्पल ओली लागली तेव्हा तिनं पाहिलं. मग त्यावरही तिनं पूड दाबून फडकं बांधलं. जालन्याहून त्यांना तातडीनं संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तोवर अंगठा काळा पडला होता आणि सूज नडगीपर्यंत चढली होती.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "गोळ्या नियमित घेतात का?"

"हो," संध्या म्हणाली. "आठ वर्षांपासून."

डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट तिच्यापुढं धरला. "तुम्ही शिकलेल्या दिसता. वाचा. तीन महिन्यांची सरासरी आहे ही. या बाईंनी तीन महिने तरी गोळीला हात लावलेला नाही."

आधार कार्ड आणि कपडे आणायला संध्या केदारखेड्याला गेली. ट्रंकेत कार्ड शोधताना तिला गोळ्यांचा डबा सापडला. मेमध्ये आणलेल्या पाकिटांतलं एक अर्धं वापरलेलं, बाकीची तशीच. ती डबा हातात घेऊन बसली होती, तेवढ्यात झुंबरबाई आली. दारातच थांबली.

"कसं हाय गिरिजेचं?"

"पाय कापावा लागेल म्हणतात. काकू, तिनं गोळ्या बंद केल्या होत्या. तुम्हाला माहीत होतं?"

"मला कसं ठावं आसंल बाई?" झुंबरबाई खाली बसली. थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिली. "म्हणत व्हती खरी. तुमची साखर पुडीनं उतरली, मंग मी तरी कशाला गोळ्या खाऊ, म्हणत व्हती."

"तुम्ही नव्हत्या का बंद केल्या?"

"मी?" झुंबरबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढली. "न्हाई बा. मला तर एप्रिलपासून सुई लावली डॉक्टरनं. भागवत टोचतो ना रोज सकाळी."

संध्यानं डबा खाली ठेवला. "सुई घेत होतात? मग आईला सांगितलं का नाही?"

"सुई घेती म्हणलं की लोक म्हणत्यात, आता हिचं काय खरं न्हाई. म्हणून कोणालाच सांगितलं न्हाई. पूड बी घेत व्हतेच की मी. कशानं उतरली ते मला काय कळतंय?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "तिनं इचारलंच न्हाई कधी. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

संध्याला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. पण ओरडण्यासारखं तिच्याजवळ तोंड नव्हतं. तिनं ट्रंक लावली, कुलूप घातलं आणि निघाली.

गिरिजाबाईचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. पहिले पाच दिवस ती फारशी बोलली नाही. सहाव्या दिवशी दुपारी संध्या तिला वरणभात भरवत होती, तेव्हा तिनं घास बाजूला सारला.

"एक इचारू?"

"विचार ना."

"मालकीनबाईला सुई व्हती म्हणे. भागवत बोलला."

"हो."

"म्हंजी पुडीनं काहीच न्हाई झालं."

"नाही आई."

गिरिजाबाई छताकडं बघत होती. "ते पेपरात आलं, त्या दिवशी तुला ठावं व्हतं? की हे खोटं हाय म्हणून?"

संध्यानं वाटी खाली ठेवली. तिला वाटलं सांगावं, की मी पत्र लिहिलं होतं. सरांनी अडवलं. मी तुला गोळ्या बंद करू नको म्हणाले होते. हे सगळं खरंच होतं.

"हो," ती म्हणाली. "ठाऊक होतं."

"मंग सांगायचं ना."

"तू लई खूश होतीस आई. झुंबरकाकू घरात बसली होती..."

"मी खूश व्हते म्हणून?" गिरिजाबाईचा आवाज चढला नाही. "संध्या, मी आडाणी बाई. डॉक्टर सांगंल ते केलं, मुकादम सांगंल ते केलं. कोणी खरं सांगंल म्हणूनच तुला शिकवलं." मग तिनं मान भिंतीकडं वळवली. त्या दिवशी ती जेवली नाही.

संध्या सुट्टी काढून गावात घरोघरी फिरली. पूड घेऊ नका, निदान गोळ्या सोडू नका, म्हणून सांगत राहिली. काही बायांनी ऐकलं. बऱ्याच जणींनी मान डोलावली आणि ती वळल्यावर एकमेकींकडं पाहिलं. एकीनं तर तोंडावरच विचारलं, "आता कंपनीला इकलं का गं? म्हणून आम्हाला नको म्हणून राह्यली?" दुसरीकडं पारावर एक म्हातारा बोलला, "तरी म्हणलं व्हतं, त्यांच्या हातचं कशाला खाता." तो बोलला ते संध्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला. ज्या बाया बाजेवर बसून पाणी प्यायल्या होत्या, त्यांतल्या कुणीही त्याला गप्प केलं नाही.

तिनं कपाटातलं पत्र काढून पेपरच्या कचेरीत नेलं. वार्ताहरानं वाचलं. "मॅडम, आठ महिने झाले. आता याला बातमीमूल्य काय? तुम्हाला डिग्री मिळाली की फोन करा, मोठी बातमी करू." ती अडून बसली, तेव्हा त्यानं चार ओळी घेतल्या. आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या खाली, तिचं नाव चुकवून त्या छापून आल्या.

डिसेंबरात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सालीच्या औषधी उपयोगाबद्दल विचारलं, तेव्हा संध्या म्हणाली, "सर, उपयोग सिद्ध झालेला नाही. माझ्या कामामुळे एका बाईचा पाय गेला आहे." रामप्रसाद सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मॅडम घरच्या अडचणीमुळे जरा भावनिक आहेत." परीक्षकांनी सहानुभूतीनं मान हलवली, पुढचा प्रश्न विचारला, आणि पदवीची शिफारस केली. पेढे सरांनीच वाटले.

केदारखेड्याचं घर बंद करून संध्यानं आईला मस्तगडात आणलं. गिरिजाबाई आता कुबडीवर खोलीतल्या खोलीत फिरते. स्वयंपाकाला बसून भाजी निवडते. मीठ संपलं, गॅस संपत आलाय, नळ आला, एवढं बोलते. डॉक्टर संध्या असं कॉलेजात दारावर लिहून आलंय, ते संध्यानं सांगितलं तेव्हा तिनं "बरं" म्हटलं आणि कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या करत राहिली.

शेजारच्या खोलीत वंदना राहते. खासगी दवाखान्यात नर्स आहे. एके दिवशी संध्या कॉलेजातून लवकर परतली तर दार उघडंच होतं आणि आत वंदना बसलेली. गिरिजाबाईनं तिच्यापुढं गोळ्यांची पाकिटं मांडली होती, संध्यानं आदल्या दिवशी आणलेली.

"ही सकाळची ना बाई?" गिरिजाबाई विचारत होती. "आन् ही जेवणाआधी? बराबर हाय ना? नीट वाच."

"बरोबर आहे मावशी. पण हे तर संध्याताईनं पाकिटावर लिहिलंयच की."

"लिहिलंय," गिरिजाबाई म्हणाली. "तरी तू एकदा वाच."

वंदनाची नजर दाराकडं गेली. संध्याला पाहून ती अवघडली. गिरिजाबाईनंही मान वळवून पाहिलं. लेक उभी आहे हे तिला दिसलं. तिनं पाकिटं झाकली नाहीत, की काही सावरून घेतलं नाही. दुसरं पाकीट उचलून तिनं वंदनाच्या हातात दिलं आणि वाट बघत राहिली.

संध्यानं चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. मागून वंदनाचा आवाज येत होता. ती गोळीचं नाव एकेक अक्षर सुटं करून वाचत होती.